पिवळा रेनकोट

आई,

हे मित्रांबरोबर मुक्कामाला थांबलेत, ही काल मी मारलेली थाप. माफ करा. घाटात पाऊस, धुकं. मोटरसायकली एकामागोमाग, शेवटी हे. आरशात यांचा पिवळा रेनकोट दिसतोय म्हणून सगळे निर्धास्त. पण तो यांनी पुढच्या गाडीवर कुडकुडणाऱ्या मास्तरांच्या अंगावर चढवला होता. तुमच्या लेकाची खोड तुम्हाला ठाऊकच आहे. खाली उतरून मोजलं तर एक गाडी कमी. आज सकाळी ती दरीत दिसली, हे नाही दिसले. पाऊस थांबायचं नाव घेत नाही.

मी त्यांच्यातल्याच मेकॅनिकभाऊजींबरोबर घाटात निघालेय. दूध तापवलंय, बीपीची गोळी चुकवू नका. यांचे कोरडे कपडे घेतलेत. लागतील असं वाटत नाही, पण रिकाम्या हातांनी कशी जाऊ?