अठ्ठावन्न नंबरची पणतसून

तीर्थस्वरूप वन्संच्या पायाशी थोरल्या वहिनीचा वाकून नमस्कार.

देवाच्या दयेने इथे सगळे खाऊनपिऊन बरे आहेत. तुमचे गुडघे काय म्हणतात? (तुमचे बंधू म्हणतात, गुडघे ठीकच असणार, नाहीतर एव्हाना तिचं चार पानी पत्र आलं असतं.) हे पत्र कॅलेंडरच्या फाडलेल्या महिन्यामागे लिहिते आहे, राग मानू नये; मागची बाजू कोरी असताना नवा कागद घ्यायचा म्हणजे मला पाप वाटतं. तसं पाप या विषयावर बोलायची आता माझी लायकी उरलेली नाही, आणि तेच सांगायला पत्र लिहायला बसले आहे.

तुमच्या घराण्याची रीत तुम्हाला मी काय सांगणार! थोरली सून आली की तिचं माहेरचं नाव उंबऱ्याबाहेर आणि घरातलं ते एक ठरलेलं नाव तिच्या गळ्यात. तुमच्या पणजीचं ते नाव, मग आजीचं, मग सासूबाईंचं, आणि चौथी मी. (सासूबाई होत्या तोवर पत्र आलं की आम्ही दोघी आधी एकमेकींकडे बघायचो. आत चांगली बातमी असली तर पत्र त्यांचं, नाहीतर माझं.) पण एक नाव एकाच घराच्या मालकीचं नसतं ही अक्कल मला साठीत आली. आताशा ते कागदावर उमटवायलाही लाज वाटते, म्हणून या पत्रात ते कुठेच लिहिलेलं नाही.

झालं असं की गल्लीच्या टोकाच्या वाचनालयाला शंभर वर्षं झाली. तिथले ग्रंथपाल म्हणजे काडीपैलवान माणूस, पण एकदा झपाटला की झपाटला. जुन्या नोंदवह्या चाळताना त्यांच्या लक्षात आलं की आपल्या गल्लीत आमच्या घरातलं तेच नाव असलेल्या बायका शंभर वर्षांत सात होऊन गेल्या. त्या काळी बाईची नोंद नुसत्या नावाने व्हायची, मागे ना बाप ना नवरा, फार तर एखाद्या रकान्यात व्यवसाय नाहीतर घर नंबर. त्यातली एक कादंबऱ्यांच्या कडेला पेन्सिलीने ‘हा मेला हिला फसवणार’ असं लिहून पुढच्यांचा रसभंग करायची. एक वर्षभर फक्त भूगोलाची पुस्तकं नेत होती आणि मग एकाएकी यायचीच थांबली (कुठे गेली कोण जाणे). पण सगळ्यांत थोर ती सतरा नंबरची सभासद. बायकांना आत बसू देत नव्हते तेव्हा ती अकरा दिवस बाहेरच्या पायरीवर पुस्तक घेऊन बसली. पुरुषांना तिला ओलांडून जावं लागायचं. शेवटी कमिटीने वैतागून बायकांना दुपारचा एक तास दिला.

तिच्या नावापुढे व्यवसायाच्या रकान्यात ‘शिक्षण’ असं लिहिलेलं. कमिटीची चार माणसं आपल्या घरी येऊन म्हणाली, त्या काळी शिकलेली बाई दुसऱ्या कुठल्या घरात असणार? ही तुमचीच पणजी. मी म्हटलं, असेल, देवाची इच्छा. वन्सं, मी खोटं बोलले नाही हो; फक्त खरं काय ते माहीत नसताना मान हलवली. त्यांनी थोर बाईंचा फोटो मागितला. आपल्याकडे पणजींचा फोटो कुठला? पण नाही म्हणायला जीभ वळेना. ट्रंकेत एका म्हातारीचा फोटो होता, तो पुसून दिला. (त्याबद्दल पुढे.)

समारंभाच्या दिवशी टेबलावर ती नोंदवही उघडी ठेवलेली. तुम्हाला माहीत आहे, वही दिसली की मी रकान्यांवरून बोट फिरवल्याशिवाय राहत नाही. सतरा नंबर पाहिला. ‘शिक्षण’ कुठलं! तो ‘क्ष’ नव्हताच, शाईचा डाग पडलेला ‘व’ होता. सरळ ‘शिवण’ लिहिलेलं. शेवटी समासात बारीक अक्षरातला घर नंबर वाचला, जो कमिटीने बघितलाच नव्हता, तोही आपला नव्हे. पान उलटलं. अठ्ठावन्न नंबर, तेच नाव, आणि घर नंबर आपला! पुढे लाल शाईत शेरा: ‘प्रार्थनेच्या पुस्तकातील पान फाडले. नाव कमी केले.’

आपल्या देवाच्या पेटीतलं ते प्रार्थनेचं पान आठवतं ना? कोपऱ्यात निळा गोल शिक्का असलेलं? सासूबाईंनी मला पहिल्याच दिवशी शिकवलं, ही देवाची मुद्रा, आधी हिच्यावर डोकं टेकायचं आणि मग प्रार्थना म्हणायची. अडतीस वर्षं टेकलं. मुलांच्या परीक्षा, ह्यांचं पोट, तुमचे गुडघे, सगळं त्या शिक्क्याच्या कानावर घातलं. वन्सं, नोंदवहीच्या दर पानावर तीच देवाची मुद्रा होती! आणि इथे ती पुसट झालेली नव्हती. स्वच्छ वाचता येत होतं: ‘वाचनालयाची मालमत्ता. बाहेर नेऊ नये.’

त्याच घटकेला माझं नाव पुकारलं. खरी बाई असती तर तिथेच सांगून मोकळी झाली असती. मी गेले आणि मानपत्र घेतलं. वर माईकसमोर म्हणाले की पुस्तकांची ओढ आमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या आहे. (ओढ म्हणण्यात चूक नाही. पणजींनी ओढलंच.)

आणि शेवटच्या रांगेत कोण बसलं होतं? टाचणी. ती कोपऱ्यावरची शिवणवाली, तोंडात कायम टाचण्या म्हणून सगळी गल्ली तिला टाचणीच म्हणते. तिचं खरं नाव मला पावतीवरून ठाऊक आहे: आपलंच. तिच्या आजीवरून ठेवलेलं, आणि आजी त्याच दुकानात शिवायची. सतरा नंबर समोर बसून टाळ्या वाजवत होता आणि अठ्ठावन्न नंबर हार घालून उभा!

तीन दिवस घास उतरला नाही. ह्यांना सांगितलं तर म्हणाले, “शंभर वर्षांपूर्वीची चोरी आणि तुला आज पचेना?” चौथ्या दिवशी मी दुकानात गेले आणि उभ्या उभ्या म्हटलं, “टाचणी, मी तुझ्या आजीचा मान खाल्ला.”

तिने एकेक करून टाचण्या तोंडातून काढल्या. पाच होत्या. मी मोजल्या. मग म्हणाली, “ठाऊक आहे की मला.”

“मग उठून बोलली का नाहीस गं बाई?”

“बोलू कशाला? ते साहेब नाव कुणाचं घेत होते? आजीचंच ना? जन्मात पहिल्यांदा कुणीतरी तिचं नाव भरल्या सभेत घेतलं, मी मधेच उठून बंद पाडू? ती मेली तेव्हा दोन ओळीसुद्धा छापून आल्या नव्हत्या. आणि अकरा दिवसांचं मला कुठे माहीत होतं! ती म्हणायची, पायरीवर उजेड बरा यायचा, म्हणून बसायचे.” मग सुईत दोरा ओवत म्हणाली, “वाचनालयाच्या भिंतीवरचा फोटो तेवढा काढायला लावा हो, वहिनी. आजीच्या मनगटावर घड्याळ? तिला वेळ बघायची तर गिरणीचा भोंगा ऐकायला लागायचा.”

मी दुकानातच रडले. तिने हातपुसणं दिलं.

दुसऱ्या सकाळी मानपत्र आणि ते पान घेऊन वाचनालयात गेले आणि सगळं ओकले. ग्रंथपालांनी भिंग लावून तीनदा ‘शिवण’ वाचलं आणि अपराध्यासारखं तोंड केलं. मग ते पुस्तक काढलं. पान बरोब्बर बसलं, फाटल्याच्या रेषेसकट. येत्या रविवारी पायरीजवळ नवी पाटी लागणार आहे, ‘शिवणकाम करणारी वाचक’ अशी, आणि पडदा टाचणी ओढणार. प्रदर्शनात अठ्ठावन्न नंबरचंही कार्ड आहे: ‘पणजीने फाडले, पणतसुनेने परत केले.’ हे लिहू नका म्हणून मी हात जोडले. ते म्हणाले, इतिहास आहे. तुमच्या बंधूंना आता न्हावीसुद्धा “या अठ्ठावन्न” म्हणतो, आणि ते माझ्याशी फक्त कामापुरतं बोलतात.

भाऊजींना नमस्कार. मला पोटात घाला.

आपली
थोरली वहिनी

ता. क. फोटो अजून भिंतीवरच आहे. कमिटी म्हणते, माझ्या शब्दावर आता विश्वास नाही. घरातल्या वडीलधाऱ्या माणसाने लेखी द्यावं की फोटोतली बाई ती नव्हे. वडीलधाऱ्या आता तुम्हीच.

ता. क. दुसरा. लिहायला हात धजत नाही, पण फोटो तुमचा आहे. कॉलेजच्या नाटकात तुम्ही म्हातारी झाला होता, तेव्हाचा. खाली सोनेरी अक्षरांत ‘कैलासवासी’ लिहिलं आहे. तरी शनिवारच्या आत पोचेल अशा बेताने, आपण हयात असल्याचं दोन ओळींत स्वतःच्या हाताने लिहून, खाली ठळक सही करून पाठवावं.