ओल्या हरभऱ्यांची ओटी

आई,

परवा मी समुद्र पाहिला. नाशिकहून पहाटे निघालो. लेक गाडी चालवत होती, मी शेजारी. तुला वाचता येत नव्हतं. मलाही ते लग्नानंतर, वाण्याच्या पुड्यांचे कागद उलगडून वाचता वाचता आलं. तरी हे तुलाच लिहिते आहे. मोखाड्याच्या घाटात पळसाची फुलं रस्त्यावर पडली होती. लेक म्हणाली, "मम्मी, पप्पा गेल्यापासून पहिल्यांदा बाहेर निघालीस, आणि तोंड असं का?" तिला काय सांगू? माझ्या डोक्यात तुझा तो दिवस होता.

चैत्रच होता तेव्हाही. मी उठले तर चूल थंड आणि तू नाहीस. बाबा शेजारणीला म्हणत होते, "जाईल कुठं? येईल." मी दिवसभर उंबऱ्यावर बसून रडले. दिवेलागणीनंतर तू एसटीतून उतरून आलीस. लुगडं गुडघ्यापर्यंत वाळून कडक झालं होतं, त्यावर पांढरे डाग. "कुठं गेली होतीस?" विचारलं तर म्हणालीस, "मावशीकडं," आणि भाकरीचं पीठ मळायला बसलीस. मावशीचं गाव नांदगावकडं, तिथं खारं पाणी कुठलं? पुन्हा विचारायचं धाडस मला कधी झालं नाही. परत यायचं म्हणून तू गेली होतीस की नाही, एवढंच मला हवं होतं. ते न सांगताच तू कायमची गेलीस.

परवा समुद्राला ओहोटी होती. मी घोट्याएवढ्या पाण्यात उभी राहिले. पायाखालची वाळू सरकत होती. मागून कुणीतरी हाक मारेल असं सारखं वाटत होतं. वळून पाहावं तर नुसती लेक, फोनमध्ये डोकं घालून.

परतताना एका गावात पाण्यासाठी थांबलो. चिकूच्या वाडीत घर होतं आणि आत चैत्रगौरीचं हळदीकुंकू चाललेलं. अशा ठिकाणी आता मी आत जात नाही. फाटकाबाहेरूनच विचारलं, "पाणी मिळेल का?"

ओटीवर बसलेल्या म्हातारीनं मान वर केली. डोळे पांढरे. "आलीस? किती वाट बघायला लावलीस गं!"

घरची सून हसली. "मनावर घेऊ नका हं, आमच्या आजी सगळ्यांनाच ओळखतात."

"गप गं! डोळे गेले, कान नाही गेले. हिचा आवाज विसरेन मी? गुडघाभर पाण्यात होती ही, आणि पुढंच चाललेली. मी हाक मारली तेव्हा वळली." मग माझ्याकडे तोंड करून म्हणाली, "इथं आणून बसवली, तर ओटी न घेताच पळालीस. घरी पोर रडत असेल म्हणालीस. ये, पदर पसर."

सुनेचं हसू थांबलं. मी फाटक कधी ओलांडलं ते मला आठवत नाही. म्हातारीनं चाचपडत माझा चेहरा धरला आणि कुंकू लावलं. चैत्रातल्या उन्हात ते बोट गार होतं, ओलं होतं. मागून लेक हळूच म्हणाली, "मम्मी, अगं..." मी हातानं तिला थांबवलं. माझ्या पदरात भिजवलेले हरभरे पडले, आंबा पडला. गेली कितीतरी वर्षं माझी ओटी कुणी भरली नव्हती, आणि ही तर माझी नव्हतीच. ती तुझी होती. तू पाण्यात पुढं चालली होतीस, आई, आणि मग वळलीस. दोन्ही खरं होतं.

मी उठायला लागले तशी म्हातारीनं मनगट धरलं. "तुझी पोर थांबली का गं रडायची?"

सगळ्या माझ्याकडे बघत होत्या. ती मी नव्हे, ती माझी आई, आणि ती आता नाही, असं सांगायला हवं होतं. पण माझ्या तोंडून जो आवाज निघाला तो मलाही ओळखीचा वाटला नाही. "थांबली," मी म्हणाले.

म्हातारी समाधानानं हसली, तिनं हात सोडला. ते मी खोटं बोलले, आई.