चौसष्ट नंबरची जर्सी

न्यू होफ, कॅन्सस
८ ऑक्टोबर १९५७

चि. गेलन, आणि तुझ्यासोबत फुटबॉलच्या पुढच्या फळीत गुडघे वाकवून उभ्या राहणाऱ्या सगळ्या पोरांनो, हुल्डाआत्याचे भरघोस आशीर्वाद.

तुमच्यावर अन्याय होतोय आणि मी गप्प बसणार नाही. शनिवारी तुम्ही समोरच्यांना आडवं केलंत, म्हणून तो मागचा टिकोजीराव चेंडू काखेत घेऊन पळाला. पेपरात फोटो त्याचा, नाव त्याचं. तुमचं एक अक्षर नाही! रशियाने आकाशात गोळा सोडला, तर त्याचं वजनसुद्धा पहिल्या पानावर छापलं: एकशे चौऱ्याऐंशी पौंड. अरे, तुमच्या फळीतला आपला व्हर्लिन कूप त्याहून चाळीस पौंडांनी भारी आहे. त्याची बातमी कुठे आहे?

हंगाम संपला की आपल्या कॉन्फरन्सच्या सहा कॉलेजांचे कोच मतं देऊन सर्वांत चांगले अकरा निवडतात. यंदा त्या ऑल-कॉन्फरन्स यादीत तुमच्या फळीतला एक तरी हवाच.

रविवारी व्हर्लिनने माझे बावीस झ्वीबाक पाव संपवले, हे मी मोजलेलं नाही असं त्याला सांग. त्याची चिखलाने भरलेली जर्सी चांगली उकळून, फाटलेला खांदा शिवून पाठवतेय. तुझ्या जर्सीच्या कोपराला नुसतं ठिगळ लावलंय. लोभ आटू देऊ नकोस.

तुझी आत्या

सीडर बेंड कॉलेज
१५ ऑक्टोबर १९५७

ती. आत्यास गेलनचा नमस्कार, वि. वि.

पार्सल पोचलं. तू व्हर्लिनची जर्सी अशी उकळलीस की ती आता तुझ्या मांजराला बसेल. डोकं आत गेलं, खांदे बाहेरच राहिले. त्याला सोडवायला आम्ही चौघे लागलो. शेवटी त्याने माझी चौसष्ट नंबरची घातली, जी माझ्या अंगावर तंबूसारखी लोंबायची, आणि त्याची आखडलेली सहासष्ट मी घेतली. सामन्याला वाटतात त्या छापील यादीत नावांपुढचे नंबर बदलायला हवेत, असं मी कोच डीट्झना म्हणालो. ते म्हणाले, वर्षभराच्या याद्या छापून झाल्यात आणि पुढच्या फळीचा नंबर बघतो कोण?

कॉन्फरन्सचे पाचही सामने अजून व्हायचेत. आशीर्वाद दे, पण साबण देऊ नकोस.

तुझा गेलन

सीडर बेंड कॉलेज
२६ नोव्हेंबर १९५७

ती. आत्यास नमस्कार, वि. वि.

शनिवारी यादी लागली. पुढच्या फळीतल्या चौसष्ट नंबरला पहिल्या अकरांत जागा मिळाली आहे. नाव छापलंय गेलन उनरूह.

आत्या, ते मी नव्हे. स्वतःच्या खेळाडूला मत द्यायचं नाही असा नियम आहे, त्यामुळे जर्सीतला माणूस ओळखणारे एकटे कोच डीट्झ, आणि त्यांनाच मत नाही. बाकी पाचांनी नंबर पाहिला, छापील यादीत नाव शोधलं आणि लिहून टाकलं.

व्हर्लिनने मला खांद्यावर घेऊन जेवणघराला दोन चकरा मारल्या. मी खरं सांगायला निघालो, तर मला उचलून कपाटात कोंडलं. पण त्याच्या वडिलांनीही पेपर वाचला. फोनवर म्हणाले, तीन वर्षं लोकांना ढकलतोयस आणि कुणाला तुझं नावही माहीत नाही. नाताळानंतर गोठ्यावर ये, गाई निदान ओळखतात तरी. व्हर्लिनला शाळामास्तर व्हायचंय, आणि तो बॅग भरायला लागलाय. काय करू?

गेलन

न्यू होफ
२९ नोव्हेंबर १९५७

चि. गेलनास आशीर्वाद.

काय करू म्हणून विचारतोस? उनरूहांच्या घरात हा प्रश्न कधीपासून पडायला लागला? आज बसून पाचही कोचना पत्रं लिही. जर्सी कुणी उकळली तेही लिही, मला लपवू नकोस.

पेपरात पाहून मी तुझं नाव गेल्या रविवारी चर्चमध्ये उभी राहून वाचलं होतं. या रविवारी तशीच उभी राहून परत घेईन, आणि आवाज दुप्पट चढवीन. कारण तुझ्या लक्षात आलं का? मी तीस वर्षं सभांतून ओरडतेय की ओझं उचलणाऱ्याकडे कुणी बघत नाही. आणि इथे पाच माणसांनी पाहिलं! चेंडू सोडून, पळणाऱ्याला सोडून, चिखलातला एक माणूस पाहिला. नाव चुकलं, नजर चुकली नाही. मी एकटीच स्वयंपाकघरात टाळ्या वाजवल्या.

व्हर्लिनची बॅग लपव.

आत्या

सीडर बेंड कॉलेज
६ डिसेंबर १९५७

ती. आत्यास आनंदाने नमस्कार!

पाचही उत्तरं आली. एकाने लिहिलंय, मी नावाला मत दिलंच नव्हतं. माझा सर्वांत दांडगा पोरगा उठून विचारत होता की अंगावर काय पडलं, त्या पडलेल्या वस्तूला दिलं. दुसऱ्याने लिहिलंय, सहासष्ट नंबरही बरा होता, पण जर्सी जरा तंग वाटली. व्हर्लिन हसून खुर्चीवरून पडला आणि खुर्ची मोडली.

कॉन्फरन्सच्या चिटणिसांनी मान्य केलं. चौदा तारखेला संध्याकाळी सहाला मेजवानी आहे, तिथे व्हर्लिन कूप हेच नाव वाचतील. पण त्याचे वडील म्हणतात, सहा ही दुधाची वेळ, येणार नाही. आणि पोराला नाताळानंतर घरी आणायचं ते आणायचंच. पुन्हा विचारायला व्हर्लिन तयार नाही. बॅग त्याला सापडलीय.

तुझा गेलन

न्यू होफ
९ डिसेंबर १९५७

श्री. याकोबभाऊ कूप यांस हुल्डा उनरूहचा नमस्कार, वि. वि.

पहाटे उठून दूध काढणारे तुम्ही, आणि चाळीस वर्षं दुसऱ्यांच्या पोरांना अक्षरं शिकवणारी मी. आपली नावं कुठल्या पेपरात आली? लोक दूध पितात, पण कुणी काढलं ते विचारत नाहीत. हे दुःख तुमचं आहे तसं माझंही आहे, आणि तुमच्या पोराने निवडलं ते कामही तसलंच. तो तुमच्यावरच गेलाय, याकोबभाऊ. फरक एवढाच की त्याला पाच परक्या माणसांनी पाहिलं. नाव चुकलं ते माझ्या साबणामुळे; तो राग माझ्यावर काढा.

पाच परक्यांनी पाहिलं, आता सहावे तुम्ही. त्याला मास्तर होऊ द्यायचं की नाही, ते तुम्ही त्याला पाहून आल्यावर ठरवा. त्याआधी मी ऐकणार नाही.

शनिवारी चार वाजता मी बूट आणि बादली घेऊन तुमच्या गोठ्यात हजर असेन. मला दूध काढता येतं, हे तुम्हाला लहानपणापासून माहीत आहे. तुमच्या गाईंनी माझं नाव विचारलं तर सांगेन. तुम्ही काळा कोट घाला, सहाच्या आत सीडर बेंडच्या जेवणघरात पहिल्या बाकावर बसा, आणि व्हर्लिन कूप हे नाव वाचलं की सगळ्यांच्या आधी उभे राहा.

तुमच्याच चर्चमधली,
हुल्डा