बारशाची होडी गाळात

१४ मे, मंगळवार
सगळ्यात आधी आली ती शेजारची द्वारकाबाई! लेकराला बघायला म्हणून आली, पण डोळे सगळे आमच्या घरात फिरून राहिले. चहा पिली, अन् मग हळूच — "सासरचं कोणी आलं न्हाई का अजून?" मी म्हणलं, बारशाला येतेत की. त्याहिला कामं न्हाईत का? तर म्हणे, "न्हाई, दुसरी बी पोरगीच झाली म्हणून विचारलं..." अन् पदर सारखा करत बसली. लई गोड बोलती ही बाई. तिच्यामागून नानीबाई आली, ती मात्र पिवळं टोपडं घेऊन. लेकराच्या डोक्यात जाईना! डोकं मोठं हाय आमच्या पोरीचं. हुशार होणार.

खरं सांगायचं तर मी आतून भ्यालेली हाय. माझ्या नातीची, साक्षीची सासू जनकाबाई. पोरगी झाली म्हणून फोन केला तर — "व्हय का. बरं." एवढंच. जावई बी फिरकला न्हाई. बारशाला लेकराच्या कानात नाव सांगायचं ते आत्यानं. आत्या म्हणजे साक्षीची नणंद पुनम. ते लोक आलेच न्हाईत तर लेकरू बिननावाचं राहील, अन् साक्षी कायमची माहेरी...

असं लिहू नये. पण खोडणार तरी कुठं कुठं.

१६ मे, गुरुवार
येणार! रविवारी बारसं. साक्षी आज पोटभर जेवली.

१७ मे, शुक्रवार
पलीकडच्या काठाचा होडीवाला वसराम येऊन गेला. काळजी लावून गेला. धरणाचं पाणी लई खाली गेलं. आमच्या गावाला तीन अंगांनी पाणी. पलीकडून होडीनं आलं तर चहा गरम हाय तंवर माणूस पोचतं. सडकेनं यायचं तर बाळापुराकडून भला मोठा वळसा, अन् सडक अशी उखणलेली की जीपमधी बसलेल्या माणसाचे दात वाजतेत. म्हणून सगळे होडीनंच येतेत.

वसराम म्हणला, आता जिथं जुनी नदी होती तेवढीच वाट खोल हाय. तिच्या बाजूला सरकलं की गाळ. काठाजवळ त्यानं खुणेला बांबू रोवून लाल चिंध्या बांधल्या. दोन बांबूंच्या मधून होडी आणायची. म्हणलं, बाबा, रविवारी माझे पाहुणे हायेत, संभाळून आण.

पाणी हटलं की त्या गाळात टरबुजं मात्र लई गोड येतेत. साक्षी लहान होती तवा फोडून तोंड घालूनच खायची, नाकापर्यंत लाल. आता दोन लेकींची माय झाली. बाळंतिणीला टरबूज चालत न्हाई, न्हाईतर आणलं असतं.

१८ मे, शनिवार
माझ्या पोरानं, संतरामनं, दारात मांडव घातला. पाहुण्याहिला ऊन लागू नये म्हणून. बांबू कमी पडले तर कुठून तरी घेऊन आला. कामाचा हाय. सांगावं लागत न्हाई.

१९ मे, रविवार
हात दुखून राहिला, तरी लिहिणार.

घुगऱ्या शिजल्या, पाळणा सजला, बाया मांडवात दाटीनं बसल्या. तेवढ्यात पोरं ओरडत आली — होडी गाळात बसली! मी पळाले. काठावरून हाक मारली तर ऐकू जाईल एवढ्यावर होडी, अन् होडीत जनकाबाई, पुनम, जावई. खुणेचे बांबू दिसेनात म्हणून वसरामनं अंदाजानं वळवली अन् फसली. आमचा संतराम कमरेइतक्या गाळात उभा राहून रेटून राहिला. हलेना. वसराम म्हणला, पुढं न्हाई जायची, मागं निघंल.

जनकाबाई उन्हात डोक्यावर पदर घेऊन बसलेली. म्हणली, "चला मग माघारी. देवाच्या मनात नसंल."

माघारी! एकदा गेली असती तर पुन्हा आली असती का? घरात गेले अन् साक्षीच्या मांडीवरून लेकरू उचललं. तिला काही सांगत बसले न्हाई. काठावर रामजी होता. तो थर्माकोलच्या तुकड्यावर बसून मासे धरायला जातो. ते तर गाळावर बी सरकतं. त्याला म्हणलं, मी बसते, तू ढकल. सून, साक्षीची माय, नको नको म्हणत मागं धावली. पण मी बसले सुद्धा, दुपट्यातलं लेकरू छातीशी धरून. पाण्याची भीती वाटली न्हाई. जनकाबाईची वाटली.

काय काय बोलायचं ते मनात ठरवलं होतं. होडीपाशी गेले अन् ते सगळं राहिलं. नुसतं लेकरू वर धरलं. जनकाबाईनं डोक्यावरचा पदर मागं सारला. मग एकदम हात पुढं —

"अवो आजी, बुडवता का माझ्या नातीला? द्या इकडं."

माझ्या नातीला म्हणली. मी बराबर ऐकलं. रामजीला बी विचारून घेतलं, त्यानं बी ऐकलं.

मग पाळणा कुठून आणायचा? साक्षीसाठी आणलेली नवी साडी जनकाबाईनंच सोडली, होडीच्या दोन फळ्यांना बांधून झोळी केली. पुनम वाकली अन् कानात नाव सांगितलं. काठावरच्या बायांनी तिथूनच पाळणा म्हणला, कोणी पुढं कोणी मागं. द्वारकाबाईचा आवाज सगळ्यांत मोठा! ओवी नाव ठेवलं. चांगलं हाय. मला लिहिता बी येतं. ओवी. ओवी.

एकेकाला थर्माकोलवर बसवून काठाला आणलं. जनकाबाईनं माझा दंड असा धरला की अजून ठणकून राहिला. मांडवात येऊन सगळे टेकले. वसरामनं वर बघितलं अन् म्हणला, "संतराम, ह्या चिंध्या माझ्या हायेत."

मांडवाच्या दोन बांबूंना लाल चिंध्या! संतरामनं त्याच्या खुणाच उपटून आणल्या होत्या! म्हणला, मला वाटलं कोणाचे तरी पडून हायेत. मला तर जमीन फाटंल तर बरं असं झालं. पण जनकाबाईच आधी हसली. म्हणली, आमच्या सावलीपायी आमालाच गाळात घातलं का भाऊ? मग सगळेच हसले, जावई तर ठसका लागेपर्यंत. जेवताना तिनं साक्षीच्या ताटात आपल्या हातानं तूप वाढलं. थोडंथोडकं न्हाई, पळीभर.

२० मे, सोमवार
झोपले. नुसती झोपले.

२२ मे, बुधवार
ओवी आज हसली. सून म्हणती पोटात वारा धरला असंल. धरू दे. माझ्याकडं बघून हसली.

सव्वा महिना ती इथंच. मग पावसाळा, तवा बाळंतिणीला काहून हलवायचं? राखीपर्यंत तर कुठं जात न्हाई. जुन्या लुगड्याची मऊ गोधडी शिवायला घेतली, मोठी, रांगायला लागली तरी पुरंल अशी.

संतरामनं बांबू परत रोवले. वसरामनं समोर उभं राहून रोवून घेतले.

२३ मे, गुरुवार
वसराम सांगून गेला, पाणी झपाट्यानं उतरून राहिलं. सोमवारनंतर होडी बंद, धरण भरंपर्यंत. बाळंतिणीला त्या सडकेनं नेता येत न्हाई.

जनकाबाईचा फोन आला. आता रोजच येतो. म्हणली, एवढे महिने नात बघितल्याबिगर मला राहवायचं न्हाई. सोमवारी येतो म्हणली. मायलेकींला न्यायला.