बिजाच्या लाकडाची उटी

बाबूजी, मी गाडी घेतली. जुनी आहे, डिझेलची, पण चारही चाकांनी ओढणारी. तुम्हाला ती आवडली नसती. फोर-व्हील म्हणजे डिझेल पिणारा बैल, चढ गाडीला नाही तर ड्रायव्हरला यावा लागतो, असं तुम्ही दरेकसाच्या स्टेशनाबाहेर सवारीची जीप उभी करून लोकांना सांगायचात. लोक माना डोलवायचे. मीही डोलवायची, डाव्या बाजूच्या सीटवर बसून, पायाशी उटी, चाकाखाली सारायचा लाकडी ठोकळा, ठेवून.

मी आता जनावरांवर उपचार करते. वरच्या टोल्यांमध्ये, डोंगरावरच्या वस्त्यांमध्ये जाते, जिथं तुम्ही लोकांना सोडायला जायचात. पावसाळ्यात मोटारसायकल नाल्याच्या अलीकडे ठेवावी लागते आणि औषधांची पेटी डोक्यावर घेऊन पाण्यातून चालावं लागतं. मागच्या श्रावणात एक गाय अडली होती. वासराचे पाय बाहेर आलेले, डोकं आत वळलेलं. नाल्याचं पाणी उतरेपर्यंत मी काठावर उभी राहिले, आणि पोचले तेव्हा गायही गेली होती आणि वासरूही. घरधनिणीनं मला पाणी दिलं. ते पाणी पिताना मी ठरवलं की गाडी घ्यायची.

गाडी निवडायला मी फार वेळ लावला. नव्या गाड्यांमध्ये बटण दाबलं की पुढची चाकं लागतात. बटणाच्या मागं काय आहे ते मला दिसत नाही, आणि जे दिसत नाही त्यावर माझा विश्वास बसत नाही. मला दांडा हवा होता, हातानं ओढला की खालून खट्कन आवाज येणारा. शेवटी तिरोड्याच्या एका ठेकेदाराकडे तशी गाडी मिळाली. मी चादर अंथरून तिच्याखाली शिरले, स्प्रिंगचे पाटे बोटांनी चाचपले, तेल कुठून गळतं ते पाहिलं. तो वरून म्हणाला, "ताई, गाडी पाहून रायल्या का पोरगा?" मी म्हटलं, पोराला असं उलटं करून पाहता येत नाही. मग त्याला गाडी चोरखमाऱ्याच्या तलावाकडे घ्यायला सांगितली आणि बांधाच्या पाळीवर चढणाऱ्या रस्त्यात थांबवून हँडब्रेक ओढायला लावली. गाडी हळूहळू मागं सरकायला लागली. त्यानं लगेच ब्रेकवर पाय दाबला आणि हसला. हँडब्रेक तर कोणाचीच चालत नाही, म्हणाला, गिअरात टाकून ठेवायची. मी खिडकीबाहेर पाहत राहिले, माझा चेहरा त्याला दिसू नये म्हणून.

इंजिन चांगलं होतं, चेसिसला गंज नव्हता, म्हणून घेतली. गोंदियाच्या मिस्त्रीनं तिच्याकडे पाहिलं आणि त्याचे डोळे चमकले. पहिलं काम म्हणून त्याला मोठे टायर घालायचे होते, मग गाडी वितभर उचलायची, पुढं लोखंडी बंपर आणि त्यावर विंच, रुतलेली गाडी ओढून काढणारी चरखी. मी म्हटलं, पहिलं काम हँडब्रेक. तो म्हणाला, "मॅडम, हँडब्रेक कौन देखता है? लोग टायर देखते हैं." मी म्हटलं, मैं देखती हूँ. त्यानं गॅरेजातल्या पोरांकडे बघून खांदे उडवले. मी तिथंच स्टुलावर बसून राहिले. केबल नवी टाकून घेतली, मागच्या चाकांच्या ड्रममधले ब्रेक-शू नवे, आणि दांड्याचे दाते झिजले होते म्हणून दांडाही नवा. टायर चिखलाचे घेतले, पण गाडीच्या कागदावर लिहिलेल्या मापाचेच. मोठी चाकं थांबवायला ब्रेकला जास्त जोर लागतो. इंजिनाला हवा घेणारी नळी छतापर्यंत नेली, नाल्यासाठी. पाटे थोडे मऊ करून घेतले. विंच नको म्हटलं. या सगळ्यातलं बरंचसं मला तुमच्यामुळेच समजलं, हे मी नाकारत नाही. कन्हारची काळी जमीन ओली झाली की चाक गिळते आणि खडकाळ बरड धरून ठेवते, नाल्यात उतरण्याआधी पाण्याचा रंग पाहायचा, हे मी कुठल्या शाळेत शिकले नाही. तुम्ही मला खूप शिकवलं. फक्त उजव्या बाजूला बसवलं नाही.

तान्ह्या पोळ्याचा तो दिवस मला अजून दिसतो. पोरं आपापले लाकडी बैल सजवून निघाली आहेत, आणि तुम्ही मला बिजाच्या झाडाच्या टणक लाकडाची उटी देता. एका बाजूनं उतरती, तासून गुळगुळीत केलेली, माझ्या हाताच्या मापाची, ओढायला सुताची दोरी बांधलेली. "हा तुझा बैल," तुम्ही म्हणता. मी तिला बेगड लावते, हळदीकुंकू लावते, आणि गावभर ओढत फिरते. पोरं हसतात, मला काही वाटत नाही. त्यांचे बैल दुसऱ्या दिवशी फळीवर गेले. माझा बैल कामाला लागला. जीपची हँडब्रेक तुटलेली होती. चढावर कोणी उतरणार असलं की तुम्ही "उतर" म्हणायचात, मी उडी मारायची, मागं धावायची आणि चाकाखाली उटी सारायची. मग तुम्ही ब्रेकवरचा पाय काढायचात. गाडी निघताना उटी ओढून काढायची आणि चालत्या गाडीत चढायचं. त्यासाठीच ती दोरी होती. लोक कौतुक करायचे. तुम्ही म्हणायचात, माझी पोरगीच माझी हँडब्रेक, आणि सगळी जीप हसायची.

एकदा माझा पाय चिखलात घसरला आणि उटी लावायला उशीर झाला. गाडी हातभर मागं आली. एक म्हातारी उतरत होती, ती तोल जाऊन खाली बसली. तिला काही लागलं नाही. तुम्ही खिडकीतून डोकं काढून सगळ्यांसमोर म्हणालात, "झोपून रायली होतीस का वो? आज हँडब्रेक ढिली झाली." लोक परत हसले. त्या रात्री मी जेवले नाही. आई चुलीपुढं बसून भाताची पेज काढत होती. तुम्ही पाटावर होतात. मी विचारलं, बाबूजी, केबल काऊन नाही टाकत? तुम्ही मान वर न करता म्हणालात, "तू हायेस ना. केबल कायले पायजे?"

मी ते किती वर्षं प्रेम समजून जपलं. शाळेत कोणी काही बोललं की मनात म्हणायची, मी आहे म्हणून आमची जीप चालते. आता गॅरेजात स्टुलावर बसून मिस्त्रीला ती बारीकशी केबल बसवताना पाहिलं, आणि पहिल्यांदा कळलं की ते किती छोटं काम होतं. चहा गार व्हायच्या आत झालं. तेवढ्या कामासाठी तुम्ही माझं लहानपण चाकामागं उभं केलंत. आणि मग एक दिवस तुम्हीच म्हणालात की पोरगी मोठी झाली, आता जीपवर बरी दिसत नाही. मला घरी ठेवलंत. तेही चाललं असतं. पण मला काढून घेतल्यावर तिथं दुसरं काही लावलं नाहीत. लोकांची नजर तुम्हाला दिसली, चढ दिसला नाही.

त्या दिवशी तुम्ही मंडईला, दिवाळीनंतरच्या जत्रेला, गेलेल्या लोकांना परत सोडत होतात. चढावर थांबलात, कोणाला तरी दगड लावायला सांगितलंत, आणि मागं सामान उतरवायला गेलात. दगड मुरमाचा होता. तो फुटला आणि गाडी मागं आली. मी घरी गणितं सोडवत होते. तेरवीला आत्या सगळ्यांसमोर म्हणाली, पोरगी संगं असती तं वाचला असता. तिनं वाईट मनानं म्हटलं नसेल. पण तेव्हापासून गावात तेच चालत आलं आहे. तुमच्या मरणाच्या वेळी मी नव्हते हे सगळ्यांनी लक्षात ठेवलं. केबल नव्हती हे कोणाच्या तोंडी आलं नाही. अजूनही लोक मला सांगतात की तुझ्या बापासारखा ड्रायव्हर झाला नाही. मी मान डोलवते. सवय आहे.

परवा गाडी घेऊन पहिल्यांदा वरच्या टोल्यांकडे निघाले. आई म्हणाली, मी बी येतो. ती डाव्या बाजूला बसली. अंगावरच्या शालीखाली तिनं काही तरी धरलं होतं, मी विचारलं नाही. नाल्यात पाणी गुडघाभर होतं. दांडा ओढला, खालून आवाज आला, आणि गाडी अशी पार झाली की मला हसू आलं. मग तुम्ही गेलात तो चढ आला. मला थांबायचं नव्हतं. पण उद्या रात्रीबेरात्री इथंच थांबावं लागणार, वर त्याच घरची दुसरी गाय गाभण आहे, आणि आज थांबता आलं नाही तर तेव्हाही येणार नाही, हे मला माहीत होतं. मी बरोबर त्याच जागी गाडी थांबवली. हँडब्रेक ओढली. गिअर काढला. ब्रेकवरचा पाय उचलायला मला वेळ लागला.

आईनं शाल बाजूला केली. मांडीवर उटी होती. दोरी नवी बांधलेली. इतकी वर्षं तिनं ती कुठं ठेवली होती, मला माहीत नाही. दाराच्या कडीवर हात ठेवून ती म्हणाली, "उतरू का मी?"

मी म्हटलं, "नको. बसून राय."

मी पाय उचलला. गाडी हलली नाही. खाली दरीत कोणाची तरी गुरं चरत होती, गळ्यातल्या लाकडी घंटा वाजत होत्या. आईनं हळूच कडीवरचा हात काढला आणि उटीवर ठेवला. मग ती म्हणाली, चाल आता, गाय वाट पाहून रायली असन.

हे मी तुम्हाला लिहिते आहे, पण आईला वाचून दाखवणार नाही, आणि दुसरं कोणी वाचणारं नाही. म्हणून एक गोष्ट लिहून ठेवते. गाडी जागची हलली नाही तेव्हा मला बरं वाटायला हवं होतं. तसं झालं नाही. माझे कान "उतर" ऐकायला थांबले होते, आणि मला वाटत होतं, थोडी तरी सरकावी. हातभरच. मी उटी घेऊन वेळेत पोचले असते.