कन्सोलभोवतीचा किल्ला

आळेफाट्याच्या घरात दुपारी सासूबाई निजल्या की सिद्धी दिराच्या व्हिडिओ गेमच्या कन्सोलवर गाड्या पळवायची. लग्न होऊन आल्यापासून एवढाच तिचा प्रवास. दीर अरिहंत पुण्याला शिकायचा. सुट्टीत त्याने खेळण्यातले ठोकळे जोडून कन्सोलभोवती किल्ला बांधला होता. एका दुपारी कन्सोल तापून बंद पडला. सिद्धीने घाबरून किल्ला उतरवला आणि त्याच्या टेबलावर चिठ्ठी ठेवली.

‘अरिहंत भाऊजी,
तुमचा किल्ला मी काढलाय, रागावू नका. दिसायला झकास होता, पण मागच्या जाळीवर त्याची भिंत आली होती आणि गरम हवा आतच कोंडत होती. रिमोटला लावलेले ठोकळ्यांचे पंखही काढलेत, त्यांच्या वजनाने हात भरून येतो. गेमच्या डिस्क ठेवायचा स्टँड तेवढा चांगला आहे, तो राहू द्या. ठोकळे बरणीत आहेत. आईंना काही सांगू नका.
सिद्धी वहिनी’

शनिवारी अरिहंत आला, चिठ्ठी वाचली आणि हसतच स्वयंपाकघरात शिरला.
“वहिनी, हात भरून येईपर्यंत खेळता व्हय?”
मेथी निवडणाऱ्या सासूबाईंचा हात थांबला. त्या सिद्धीकडे न बघताच म्हणाल्या, “ते घरात नको. जाताना पुण्याला घेऊन जा.”
अरिहंतचा चेहरा पडला. “आई, मी गंमत केली.”
“मी न्हाई केली.”

दुसऱ्या दिवशी सिद्धीनेच कन्सोल जुन्या साडीत गुंडाळून त्याच्या बॅगेत भरला. एसटी स्टँडकडे तो वळेपर्यंत ती दारात उभी राहिली. मग आतून हाक आली आणि ती आत गेली.