पाय लागला म्हणून

हेब्बाळ, बंगळूर
१२ जानेवारी २०२५

ती. अनुसूया आत्यास,
योगीराजचा साष्टांग नमस्कार.

फोनवर तुझ्यापुढे माझं तोंड उघडत नाही, म्हणून लिहितोय. आत्या, मी बॉक्सिंग सोडावं म्हणतो. रागावू नकोस, आधी ऐक.

लहानपणी कुणाला चुकून पाय लागला की तू जागच्या जागी हात लावून नमस्कार करायला लावायचीस. मांजराला लागला तरी! ती सवय अंगात मुरली आहे. आधी अडचण नव्हती. समोरचा पहिल्या ठोशालाच आडवा व्हायचा. आता राज्य पातळीवर शंभर-शंभर किलोचे गडी अंगाशी येऊन झुंजतात. पायात पाय अडकतोच. लागला की मी खाली वाकतो, ग्लोव्ह त्याला लावतो, छातीशी नेतो. तेवढ्यात तो माझी कानशिलं शेकून काढतो.

परवाच्या उपांत्य सामन्यात दोनदा असं झालं. कसाबसा जिंकलो. आमचे कोच गुंडो सर म्हणाले की बाकी सगळं सरी, म्हणजे ठीक, पण संस्कार स्वल्प कमी कर. सरावात एकदा नमस्कार गिळून पाहिला, तर जेवण जाईना.

अंतिम सामना दोन फेब्रुवारीला आहे. जिंकलो तर दिल्लीच्या शिबिरासाठी निवड. पण नमस्कार करून मार खावा की न करता उपाशी राहावं, हेच कळत नाही. तू सांगशील तसं करीन.

माया आहे तेवढीच राहू दे, ही विनंती.
तुझा
योगी


निपाणी
१७ जानेवारी २०२५

चि. योगीराज यास अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून हसावं की रडावं कळेना, म्हणून आधी हसून घेतलं. अरे, मी गल्लीभर सांगून बसले आहे की आमचा योगी दिल्लीला जाणार. ग्लोव्ह्ज घातलेला तुझा फोटो चौकट करून देवघराशेजारी टांगलाय. शेजारची ठकुबाई जाता-येता त्यालाही उदबत्ती ओवाळते.

आईवेगळं पोर म्हणून तुला वाढवलं, ते काय नमस्कारापायी मार खायला? तेव्हा नीट ऐक. रिंगणात लागलेल्या पायाला नमस्कार नाही केलास तरी चालेल. मी तुला मोकळं केलं. तुझ्या वाटणीचे नमस्कार मी इथे देवापुढे घालीन. गुडघे कुरकुरतात, पण घालीन. दोन तारखेला ठकुबाईला घेऊन मी स्वतःच सामन्याला येते. तुला जिंकताना एकदा या डोळ्यांनी पाहायचंय, बाकी काही नको.

आशीर्वाद आहेतच, तू फक्त ताठ उभा राहा. दूध पीत जा.
तुझी
आत्या


हेब्बाळ, बंगळूर
५ फेब्रुवारी २०२५

ती. आत्यास सा. न.

नाक ठीक आहे. बसमध्ये बसेपर्यंत तू एक शब्द बोलली नाहीस, म्हणून झालं ते मीच लिहून मोकळा होतो.

तिसऱ्या राउंडला मी पुढे होतो. प्राणेश, म्हणजे समोरचा तो दाढीवाला, लटपटत होता. माझा पाय त्याच्या पायावर पडला. तुझा शब्द आठवून मी ताठ राहिलो. एक ठोसा की संपलं, असं म्हणून हात उचलला, आणि एवढ्या गोंगाटातून तुझा आवाज आला, की मेल्या, पाय लागला ना, नमस्कार कर आधी!

मी वाकलो. पुढचं आठवत नाही.

दवाखान्यात डोळे उघडले तर प्राणेश उशाशी. मी पडल्यावर त्याचा बूट माझ्या हाताला लागला होता, त्याचा नमस्कार राहिला म्हणून आला होता! चिकपेटेत त्याच्या मामांचं साड्यांचं दुकान आहे, तिथे गठ्ठे उचलायला माझ्यासारखा माणूस हवाय म्हणाला. उद्यापासून जातोय. तिथल्या गर्दीत नमस्कार करता करताच दिवस मावळणार.

खेळ सोडला, आत्या. तुझ्या ओरडण्यामुळे नव्हे. खरं सांगू? वाकलो तेव्हा, नाक फुटेपर्यंतचा तो एक क्षण, फार बरं वाटलं. तुला मात्र लोकांत खाली पाहायला लावलं, त्याचं वाईट वाटतं.

रागावलीस तरी लोभ आटू देऊ नकोस.
तुझा
योगी


निपाणी
१२ फेब्रुवारी २०२५

चि. योगीराज यास आशीर्वाद, आणि या वेळी मनापासून नमस्कारसुद्धा.

खाली कशाला पाहीन? बोलले नाही, कारण तोंड उघडलं असतं तर रडले असते आणि ठकुबाईने ते गल्लीभर केलं असतं. मी कधी उठले, कधी ओरडले, मलाच कळलं नाही. वीस वर्षं तेच ओरडतेय. तोंडाला काय ठाऊक, मी परवानगी दिलीय ते! तुझी दिल्ली माझ्यामुळे हुकली, याची रुखरुख लागली आहे. पण जिंकता जिंकता, एवढ्या लोकांत, माझ्या एका हाकेला तू वाकलास, तेव्हा ऊर भरून आला. सोडलंस ते बरं केलंस.

डिंकाचे लाडू पाठवतेय. अर्धे प्राणेशला दे, बिचाऱ्याचा हात दुखला असेल.

लोभ आहे, तो काही नाकासारखा फुटत नाही.
तुझी
आत्या

ता. क. पेपरात तुझा फोटो आलाय. तू कमरेत वाकलेला आणि वरून ठोसा येतोय. जुना काढून तोच त्या चौकटीत घातला. येणारे-जाणारे विचारतात की हा कुणाच्या पाया पडतोय. मी सांगते, पाया पडत नाही, पाय लागला होता.